फुलंब्रीकर आडनावाचा संगीतकार : मास्टर कृष्णराव

दरवर्षी शाळेची सहल अजिंठ्याला जाते तेव्हा आमची बस हर्सूल, सावंगी, चौका असं करत फुलंब्रीवरून पुढे सरकते. शहरापासून हे अंतर तीसेक किलोमीटरचं. मुलं तोपर्यंत डबे उघडून बसलेली असतात, कुणाचं गावाच्या पाटीकडे लक्ष नसतं. मागच्या एका सहलीत आम्ही सहज विचारलं, या गावाचं नाव आडनावात घेऊन फिरलेला एक फार मोठा माणूस होऊन गेला, कोण ते सांगा. कुणी राजकारणातलं नाव घेतलं, कुणी क्रिकेटमधलं. एकालाही सांगता आलं नाही. खरं सांगायचं तर बी.एड. होऊन नोकरीला लागल्यावरही कितीतरी वर्षं आम्हालाही ते ठाऊक नव्हतं.

त्या माणसाचं पूर्ण नाव कृष्णराव गणेश फुलंब्रीकर. महाराष्ट्र त्यांना मास्टर कृष्णराव म्हणून ओळखतो, निदान जुना महाराष्ट्र तरी. मराठी रंगभूमीचे ते गायक नट आणि संगीतकार, प्रभात फिल्म कंपनीचे संगीत दिग्दर्शक, आणि मैफलीचे पक्के गवई. आडनावावरूनच कळतं की घराणं मूळचं आपल्या फुलंब्रीकडचं. त्या वेळी फुलंब्री निजामाच्या राज्यात होतं, जुनी माणसं ज्याला मोगलाई म्हणत. कृष्णरावांचा जन्म मात्र पलीकडे, इंग्रजी मुलखात, पुण्याजवळच्या देवाच्या आळंदीला झाला, २० जानेवारी १८९८ रोजी.

आता मुस्लिम घरांत वाचल्या जाणाऱ्या या पानावर एका आळंदीच्या ब्राह्मण गवयाची जीवनकथा कशासाठी, असं कुणाला वाटेल. त्याचं उत्तर कृष्णरावांच्या गुरूच्या घरात आहे. म्हणून आधी गुरूकडे जाऊ, कृष्णराव थोडा वेळ आळंदीला राहू द्या.

गुरूचं नाव भास्करबुवा बखले. जन्म १८६९ चा, बडोद्याजवळच्या कठोर गावचा. लहानपणी गोड गळ्यामुळे किर्लोस्कर नाटक मंडळीत गेले. तिथे इंदूरच्या मुक्कामात बीनकार उस्ताद बंदे अली खाँ यांनी या मुलाचं गाणं ऐकलं आणि त्याला शिकवायला घेतलं. पण वयात येताना मुलाचा आवाज फुटला. नाटक कंपनीत आवाज फुटलेल्या मुलाची किंमत काय असते? जो कालपर्यंत लाडका होता, तो आज कुणाच्या खिजगणतीत नाही. भास्कर कंपनी सोडून बडोद्याला गेला आणि उस्ताद फैज महंमद खाँ यांच्या दारात उभा राहिला.

इथून पुढची त्यांची सगळी वर्षं म्हणजे एका उस्तादाच्या घरातून दुसऱ्या उस्तादाच्या घरात. फैज महंमद खाँ यांच्याकडे ग्वाल्हेरची गायकी. मग आग्र्याचे उस्ताद नत्थन खाँ. त्यानंतर जयपूर गायकीचे उस्ताद अल्लादियाँ खाँ, जे पुढे कोल्हापूर दरबारी होते. त्या काळची तालीम म्हणजे आजच्यासारखा तासाचा क्लास नव्हता. उस्तादाच्या घरी राहायचं, पडेल ते काम करायचं, आणि खाँसाहेबांच्या मनात येईल तेव्हा जे मिळेल ते पदरात घ्यायचं. सोवळ्या-ओवळ्याच्या त्या दिवसांत एका ब्राह्मण मुलाने मुसलमान उस्तादाच्या घरात वर्षानुवर्षं राबणं आणि उस्तादाने त्याला पोटच्या मुलासारखा इल्म देणं, या दोन्ही गोष्टी सोप्या नव्हत्या. दोन्ही बाजूंना बोलणारी तोंडं होतीच. तरी ते घडलं, आणि एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा घडलं. भास्करबुवांच्या गळ्यात तीन घराणी एकत्र आली ती अशी. धारवाडच्या ट्रेनिंग कॉलेजात ते काही काळ संगीत शिक्षक होते, हे वाचून आमच्यासारख्या शिक्षकाला उगाच बरं वाटतं. १९११ साली त्यांनी पुण्यात भारत गायन समाज सुरू केला.

आता पुन्हा कृष्णरावांकडे येऊ.

कृष्णाचंही बालपण नाटकातच गेलं. नाट्यकला प्रवर्तक मंडळीत तो बालनट म्हणून दाखल झाला. याच कंपनीत रामभाऊ कुंदगोळकर होते, ज्यांना पुढे सवाई गंधर्व म्हणून कीर्ती मिळाली आणि ज्यांची तालीम उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्याकडे झाली होती. नाटक कंपन्यांत पोरवयाच्या नटाच्या नावाआधी मास्टर लावायची रीत होती. बहुतेकांचं ते मास्टर मिशा फुटल्यावर गळून पडतं. कृष्णरावांचं पडलं नाही. सत्तरी ओलांडली तरी ते मास्टरच राहिले. आम्हाला मुलं सर म्हणतात ते नोकरी आहे तोवर, पण हे मास्टरपण नोकरीचं नव्हतं.

१९११ च्या सुमारास हा मुलगा भास्करबुवांचा गंडाबंद शागिर्द झाला आणि बुवांच्या अखेरपर्यंत, म्हणजे अकरा-बारा वर्षं, सावलीसारखा त्यांच्याबरोबर राहिला. बुवा गायला बसले की मागे तंबोऱ्यावर कृष्णा. बुवांची कीर्ती पंजाब-सिंधपर्यंत होती. गुरूच्या मागे बसून स्वर भरता भरता शिष्याला जे मिळतं ते वहीत उतरवून घेता येत नाही. कधी थांबायचं, कुठे समेवर यायचं, ऐकणाऱ्यांचा चेहरा पाहून राग किती लांबवायचा, हे त्याने तिथे पाहिलं. भास्करबुवांचे दुसरे थोर शिष्य म्हणजे नारायणराव राजहंस, अर्थात बालगंधर्व. त्यांची गंधर्व नाटक मंडळी १९१३ साली निघाली आणि तिच्या नाटकांना बुवा चाली देत. स्वयंवर हे खाडिलकरांचं नाटक १९१६ साली आलं. त्यातल्या बुवांच्या चालींमधून आग्रा, जयपूर, ग्वाल्हेरच्या उस्तादांच्या बंदिशी मराठी शब्द पांघरून पुण्या-मुंबईच्या घराघरांत गेल्या. मंगळागौरीला आणि हळदीकुंकवाला बायका ती पदं गुणगुणत. त्यांतल्या किती जणींना आपण कुण्या खाँसाहेबांची चीज म्हणतो आहोत हे माहीत असेल? बहुधा फार थोड्यांना. पण चाल पोचली होती.

८ एप्रिल १९२२ रोजी भास्करबुवा गेले. कृष्णराव त्या वेळी चोवीस वर्षांचे. गंधर्व मंडळीपुढे प्रश्न उभा राहिला की आता चाली कोण देणार? कंपनी मोठी, खर्च त्याहून मोठा, बालगंधर्वांचा हात तर जगजाहीर सढळ. नव्या नाटकाचं संगीत पडलं तर कंपनी बुडणार. ती जबाबदारी चोवीस वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर आली. तो मुलगा नुसत्या चाली लावत बसला नाही, त्याच कंपनीत भूमिकाही करू लागला. पुढच्या दहा-अकरा वर्षांत मेनका, कान्होपात्रा, सावित्री, अमृतसिद्धी अशा नाटकांना त्याचं संगीत होतं. १९३१ च्या कान्होपात्राने तर कमाल केली. मंगळवेढ्याच्या या संत स्त्रीच्या नाटकात कृष्णरावांनी अभंगांना ज्या चाली लावल्या त्या बालगंधर्वांच्या गळ्यातून असा काही ठाव घेऊन गेल्या की पुढे त्या नाटकाबाहेर पडून भजनी मंडळांत आणि मैफलींत स्थिरावल्या.

आणि या कंपनीत साथीला कोण होतं? तबल्यावर उस्ताद अहमदजान थिरकवा. सारंगीवर कादरबक्ष. मराठी संगीत नाटकाचा सुवर्णकाळ म्हणून आपण जो शब्द पाठ्यपुस्तकांत वाचतो, त्या सुवर्णकाळाच्या पिटात मुरादाबादकडचे थिरकवा खाँसाहेब बसलेले होते. बालगंधर्वांच्या पदाला वन्समोअर पडायचा, रात्र सरत आली तरी लोक उठायचे नाहीत, आणि दर वन्समोअरला खाँसाहेबांचा तबला पुन्हा नव्याने बोलायचा. थिरकवांना पुढे पद्मभूषण मिळालं, देशभर नाव झालं, पण त्यांची उमेदीची काही उत्तम वर्षं मराठी नाटकाच्या तंबूत गेली. ही गोष्ट आपल्या घरांत सांगितली जात नाही. आपल्याला त्यांची नावंच आठवत नाहीत, मग आठवण कुणी करून द्यायची?

इथे एक गोष्ट मोकळेपणाने बोलायला हवी. गाण्या-बजावण्याबद्दल आपल्या घरांत एकमत नाही. आमच्याच नात्यात अशी वडीलधारी माणसं आहेत की ज्यांच्यासमोर हार्मोनियमचा विषय काढायची सोय नाही. त्यांचा आदर ठेवूनच आम्ही लिहितो आहोत. कुणी गावं किंवा ऐकावं असा हा आग्रह नाही. पण इतिहास हा इतिहास आहे. या मुलखाचं संगीत घडवण्यात ज्यांच्या पिढ्या खर्ची पडल्या त्या उस्तादांची नावं इतरांनी विसरली तर आपण तक्रार करतो, आणि आपण स्वतः विसरलो तर?

असो. १९३० नंतर वारं बदललं. बोलपट आला. १९३२ साली प्रभातचा अयोध्येचा राजा मराठी बोलू लागला आणि नाटक कंपन्यांचे तंबू ओस पडायला लागले. रात्र-रात्र चालणारं नाटक रुपया-दोन रुपये देऊन पाहणारा प्रेक्षक काही आण्यांत सिनेमा पाहू लागला. गंधर्व मंडळी कर्जात होतीच, ती आणखी रुतली. कृष्णरावांनी १९३३ च्या सुमारास कंपनी सोडली आणि पुण्याला आलेल्या प्रभातच्या स्टुडिओत संगीत दिग्दर्शक म्हणून गेले.

नाटकाचा संगीतकार सिनेमात जातो तेव्हा त्याची खरी परीक्षा होते. रंगभूमीवर पद अर्धा तास चाललं तरी कुणाची हरकत नसते, गायक त्यात राग मांडून दाखवतो. सिनेमात ताटलीवर, म्हणजे ७८ च्या रेकॉर्डवर, एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. नाटकात ऑर्गन, सारंगी, तबला एवढ्यावर भागतं, सिनेमात वाद्यवृंद सांभाळायचा, दृश्याच्या पाठीमागे सूर ठेवायचे. शिवाय नाटकात गाणारा मुळातच गवई असतो, सिनेमात गाणं न येणाऱ्या नटाच्या तोंडीही चाल द्यावी लागते. कितीतरी मोठे गवई इथे अडखळले. कृष्णराव अडखळले नाहीत, कारण त्यांचा पिंडच आटोपशीर होता. मैफलीतही ते एकच राग तासभर घोळवण्यापेक्षा थोडक्यात त्याचा अर्क काढायचे, चटकन दुसऱ्या रागाची झलक दाखवून परत फिरायचे. ऐकणाऱ्याला हसू यावं आणि वाहवा निघावी, अशी खेळकर गायकी. जाणकारांतले काही कडक लोक त्याला नाकं मुरडत. आम्हाला वाटतं, तीन मिनिटांच्या सिनेमाच्या गाण्याला हाच माणूस हवा होता.

प्रभातमध्ये त्यांचं पहिलं मोठं काम धर्मात्मा, साल १९३५. हा चित्रपट संत एकनाथांवरचा, म्हणजे आपल्या पैठणचा. आपल्या जिल्ह्यातली मुलं एकनाथांना नाथषष्ठीच्या यात्रेमुळे ओळखतात. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी दौलताबादच्या किल्ल्यावर निजामशाहीचे किल्लेदार होते, हेही इथल्या जुन्या माणसांना माहीत असतं. एकनाथांनी हिंदू-तुर्क संवाद लिहिला, त्यात दोघे कडाडून भांडतात आणि शेवटी गळाभेट घेतात. या एकनाथांची भूमिका पडद्यावर केली बालगंधर्वांनी. आयुष्यभर शालू नेसून स्त्रीभूमिका केलेला हा नट पहिल्यांदा पडद्यावर आला तो पुरुष होऊन. दिग्दर्शक व्ही. शांताराम. चित्रपटाचं मूळ नाव महात्मा असं ठेवलेलं होतं, पण इंग्रज सरकारच्या सेन्सॉरला त्यात गांधीजी दिसले आणि नाव बदलून धर्मात्मा करावं लागलं. एकनाथ अस्पृश्याच्या घरी जेवायला जातात, हा त्यातला मुख्य प्रसंग. बालगंधर्व आणि प्रभात यांची भागीदारी या एकाच चित्रपटावर थांबली. नटसम्राटाला रंगभूमी सोडवली नाही. कृष्णराव मात्र राहिले.

मग अमरज्योती आला, १९३६ साली. दुर्गा खोटे समुद्रावरची लुटारू राणी झाल्या होत्या. हा चित्रपट व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला. १९३७ ला वहाँ, १९३८ ला गोपाळकृष्ण. गोपाळकृष्णमध्ये छोटे राम मराठे आणि त्यांचे भाऊ अनंत मराठे काम करत होते. राम मराठे पुढे थोर गायक झाले, त्यांना गाण्याची गोडी आणि तालीम मिळाली ती याच दिवसांत, मास्टरांच्या सहवासात. वसंत देसाई नावाचा एक कोकणी तरुणही तेव्हा प्रभातमध्ये पडेल ते काम करत संगीत विभागात लुडबुडत होता. तोही पुढे संगीतकार झाला आणि केवढा झाला हे सांगायला नको.

१९३९ च्या माणूस या चित्रपटाबद्दल मात्र थोडं थांबून सांगावं लागेल. एक साधा हवालदार आणि बदनाम वस्तीत राहणारी मैना, अशी ही गोष्ट. शाहू मोडक आणि शांता हुबळीकर. त्यात मैना एक गाणं म्हणते, आज आहे तो मजेत घालवा, पुढचं कशाला बोलता, अशा अर्थाचं. शब्द अनंत काणेकरांचे. गाणं मराठीत सुरू होतं आणि मग समोर बसलेल्या निरनिराळ्या प्रांतांच्या गिऱ्हाइकांसाठी एकेका भाषेत वळत जातं, आणि दर भाषेला कृष्णरावांनी त्या त्या प्रांताचा साज चढवला. बंगाल आला की सूर बंगाली, दक्षिण आली की ताल दक्षिणी. लोक हसत ऐकायचे. पण गाणारी बाई त्या हसण्यामागे एकटी आहे, तिचं उद्याचं काही खरं नाही, हेही त्याच चालीत होतं. इतक्या हलक्याफुलक्या चालीत एवढं दुःख लपवणं आम्हाला फार अवघड कला वाटते. हिंदी आवृत्ती आदमी, तिची गाणी मुन्शी अझीझ यांनी लिहिली.

आणि मग शेजारी. १९४१. हिंदीत पडोसी.

हे साल नीट लक्षात घ्या. मार्च १९४० मध्ये लाहोरला पाकिस्तानचा ठराव झालेला. देशात जिकडे तिकडे तीच चर्चा, ठिकठिकाणी दंगली. अशा वेळी प्रभातने, शांतारामांनी, एक गोष्ट काढली. विश्राम बेडेकरांची कथा. एका खेड्यात दोन म्हातारे शेजारी राहतात, जिवा पाटील आणि मिर्झा. दोघांची जन्माची दोस्ती, बुद्धिबळाचा डाव रोज ठरलेला. गावाजवळ धरण बांधायला एक धनाढ्य कंत्राटदार येतो, त्याला जमिनी हव्यात, गावकरी एक आहेत तोवर त्या मिळणार नाहीत. मग तो एका घरात आग लावतो, म्हणजे संशयाची. दोन म्हातारे बोलेनासे होतात. डाव अर्धवट पडून राहतो. शेवटी धरण फुटायची वेळ येते तेव्हा दोघे त्या भिंतीवर एकमेकांचा हात धरून उभे असतात आणि पाण्याबरोबर जातात.

मिर्झा झाले होते गजानन जागीरदार, दोन्ही भाषांत. जिवा पाटील मराठीत केशवराव दाते, आणि हिंदीत त्याच जागी ठाकूर झाले मझहर खान. म्हणजे हिंदी चित्रपटात मुसलमानाची भूमिका हिंदू नटाने केली आणि हिंदूची मुसलमान नटाने. हे योगायोगाने झालं असं समजू नका. ते ठरवून केलं होतं, आणि पाहणाऱ्यांनाही ते कळत होतं.

या चित्रपटाला संगीत मास्टर कृष्णरावांचं. शांताराम आठवल्यांनी गाणी लिहिली. त्यातलं चांदण्या रात्रीचं समूहगीत, जे जयश्री आणि गावातले सगळे मिळून गातात, ते ऐंशी वर्षांनंतरही शाळांच्या स्नेहसंमेलनांत बसवलं जातं. रांगेत मशाली, हातात हात, एक ओळ एकाने म्हणायची, पुढची सगळ्यांनी उचलायची. चाल अशी की सूर नसलेल्या पोरालाही मागे मागे जाता यावं. आम्ही ते दोन वेळा बसवलं आहे. समूहाला गाता येईल अशी चाल करणं ही मास्टरांची खासियत होती, आणि हीच खासियत त्यांना पुढे एका मोठ्या वादळात घेऊन गेली.

ते वादळ म्हणजे वंदे मातरम्. हा विषय टाळून मास्टर कृष्णरावांचं चरित्र लिहिता येत नाही, आणि आपल्या वाचकांसमोर तो लिहिताना शब्द जपून वापरावे लागतात. या गीताच्या पुढच्या कडव्यांबद्दल मुस्लिम समाजाची हरकत जुनी आहे. ती तौहीदच्या श्रद्धेतून आली आहे, देशद्वेषातून नाही. काँग्रेसने १९३७ साली ती लक्षात घेऊन पहिली दोनच कडवी म्हणायचं ठरवलं. दुसरीकडे, स्वातंत्र्यलढ्यात हजारो लोक याच शब्दांवर लाठ्या खात होते. कृष्णराव त्यांतले. इंग्रजी अमलात रेडिओवर हे गीत गाण्यास अडवलं गेलं, तेव्हा त्यांनी रेडिओवर गाणंच बंद केलं, आणि स्वातंत्र्य येईपर्यंत ते बंद ठेवलं. गवयाला रेडिओ म्हणजे पैसा आणि नाव दोन्ही. त्यांनी दोन्हीवर पाणी सोडलं.

स्वातंत्र्यानंतर राष्ट्रगीत कोणतं हा प्रश्न आला तेव्हा एक आक्षेप असा होता की वंदे मातरम् समूहाने गाता येत नाही आणि बँडवर वाजवता येत नाही. हा आक्षेप संगीताचा होता, म्हणून संगीतकार उठला. त्यांनी झिंझोटी रागात सोपी चाल बांधली, ती बँडवरही बसवून दाखवली, दिल्लीला जाऊन पंडित नेहरूंना आणि घटना समितीच्या सदस्यांना ऐकवली. २४ जानेवारी १९५० रोजी घटना समितीत डॉ. राजेंद्र प्रसादांनी निर्णय जाहीर केला. जन गण मन राष्ट्रगीत झालं, वंदे मातरम्‌ला समान सन्मान मिळाला. मास्टरांनी ज्यासाठी एवढी धडपड केली ते पूर्ण पदरात पडलं नाही. त्यांच्याशी या बाबतीत आपलं मत जुळेलच असं नाही, आमचंही सगळं जुळत नाही. पण शेजारी करणारा आणि या गीतासाठी दिल्लीच्या वाऱ्या करणारा माणूस एकच होता. एकाला घेऊन दुसऱ्याला सोडता येत नाही.

यानंतर थोड्याच वर्षांत दुसरं बोलावणं आलं, तेही कुणाचं, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं. १९५६ साली धर्मांतराच्या वेळी बुद्धवंदना पाली भाषेत लोकांना म्हणता यावी म्हणून तिला चाल हवी होती. कृष्णराव तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचे. या वयात त्यांनी पालीचे उच्चार समजून घेतले आणि वंदना स्वरबद्ध करून स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित केली. आपल्या शहराने बाबासाहेबांना जवळून पाहिलेलं. मिलिंद महाविद्यालय त्यांनीच इथे उभं केलं. नागसेनवनाच्या बाजूने जाताना सकाळी वंदनेचे स्वर कानावर पडतात तेव्हा आम्हाला हटकून हा फुलंब्रीकर आठवतो. इथेही त्यांनी तेच केलं, गळा नसलेल्या माणसालाही म्हणता येईल असं.

मधल्या काळात रंगभूमीशी त्यांचं नातं तुटलं नव्हतं. १९४२ साली मो. ग. रांगणेकरांच्या नाट्यनिकेतनने कुलवधू आणलं. लहान, घरगुती, अडीच-तीन तासांत संपणारं नाटक, ज्योत्स्ना भोळे नायिका. जुन्या नाटकात चाळीस-पन्नास पदं असत, इथे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. प्रभातमध्ये तीन मिनिटांत गाणं बांधायला शिकलेल्या मास्टरांनी तीच शिस्त रंगभूमीवर आणली आणि मेलं मेलं म्हणत होते ते संगीत नाटक पुन्हा उठून बसलं. एक होता म्हाताराचं संगीतही त्यांचंच. १९४४ च्या राजकमलच्या भक्तीचा मळा या चित्रपटात त्यांनी संगीत तर दिलंच, सावता माळ्याची भूमिकाही केली. १९५९ चा कीचकवध हा त्यांच्या शेवटच्या चित्रपटांतला एक. तोवर सिनेमाचं संगीत फार पुढे, आणि त्यांना न मानवणाऱ्या दिशेने निघून गेलं होतं.

उरलेला काळ गुरूच्या संस्थेला दिला. भारत गायन समाजात शिकवणं, आणि बंदिशी स्वरलिपीसह छापणं. रागसंग्रह नावाने या पुस्तकांचे सात भाग निघाले. जी चीज मिळवायला भास्करबुवांना उस्तादाच्या घरी वर्षानुवर्षं राबावं लागलं, ती आता कुणीही पुस्तक उघडून पाहू शकत होतं. जुन्या उस्तादांना हे आवडलं असतं का? काहींना नक्कीच नसतं, कारण चीज ही घरातली दौलत, ती बाजारात मांडायची नसते. पण शिक्षक म्हणून आमचा कौल मास्टरांच्या बाजूने आहे. इल्म झाकून ठेवला की तो एका पिढीत बुजतो.

१९७१ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिलं. २० ऑक्टोबर १९७४ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं.

त्या सहलीत परतीच्या वाटेवर आम्ही मोबाईलवर शेजारीचा शेवटचा भाग मुलांना दाखवला. पडदा एवढासा, आवाज बसच्या इंजिनात बुडालेला, तरी सीटवर उभं राहून पोरं पाहत होती. एकाने विचारलं, सर, यातला मुसलमान कोण? आम्ही दाखवलं, हा दाढीवाला. मग सांगितलं की हा नट खरा जागीरदार, हिंदू, आणि हिंदी सिनेमात ठाकूर झालेला तो मझहर खान. पोरगा थोडा वेळ गोंधळून पडद्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, ते जाऊ द्या सर, धरण फुटतं ते परत लावा. आम्ही परत लावलं. चौक्याच्या घाटात नेटवर्क गेलं.